टप्प्याबाहेर

स्वस्तातली बंदूक घ्यायची ठरवली की माणसाला आधी महागातल्या बंदुकांचं ज्ञान होतं. वायोमिंगच्या सोडतीत प्राँगहॉर्नच्या शिकारीचा परवाना लागला आणि त्याच रात्री मी एक्सेल उघडलं. चौदा रकाने. वजन, नळीची लांबी, नळीतल्या आट्यांचा पीळ, चाप ओढायला लागणारा जोर, दस्ता लाकडी की प्लास्टिकचा. पुण्यातला फ्लॅट मी याच्या निम्म्या चौकशीत घेतला होता. तो अजून गळतो.

बजेट एक हजार डॉलर, वरच्या दुर्बिणीसकट. "एवढ्यात येत असेल तर घे," बायको म्हणाली, म्हणजे येणार नाही याची तिला खात्री होती. पण बोल्ट-ॲक्शन ही मुळात गरिबाची सोय. कडी वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलून खाली पाडली की नवं आत बसतं. दाराच्या कडीहून फार वेगळं काही नाही. १८९८ च्या जर्मन माउझरमध्ये ती अशी काही बसली की पुढच्यांना ती स्वस्तात कशी करायची एवढाच विचार उरला. तो त्यांनी चांगला केलाय. चारशे-पाचशे डॉलरची सॅव्हेज ॲक्सिस किंवा रूगर अमेरिकन आज शंभर यार्डांवर इंच-दीड इंचाच्या घेरात तीन गोळ्या टाकते.

माझं मन मात्र टिक्कावर बसलं होतं. फिनलंडची, आठशेच्या वर. फिनिश भाषेत टिक्का म्हणजे सुतारपक्षी, हे मी जेवताना बायकोला सांगितलं. तिने पनीरचा तुकडा काट्याला टोचून नुसता वर धरला. मग मी हुकमाचं पान टाकलं, की ही कंपनी एके काळी शिलाई मशीनसुद्धा बनवायची.

"मग मशीनच घे," ती म्हणाली. "पडदे तरी होतील."

शेवटी रूगर ठरली. काडतूस ६.५ क्रीडमोर. हॉर्नडी कंपनीनं २००७ साली ते निशाणेबाजीच्या स्पर्धांसाठी काढलं, मग शिकाऱ्यांनी उचललं. हे का निवडलं असं कुणी विचारलं की मी लांबट गोळी, हवेचा विरोध, बॅलिस्टिक कोएफिशंट असं बोलायला लागायचो. खरं कारण असं की त्याचा धक्का कमी बसतो आणि माझा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला आहे.

दुकानदार भला माणूस. दुर्बीण तीन ते नऊ पटांची घ्या म्हणाला, शिकारीला भरपूर होते. मी पाच ते पंचवीस पटांची घेतली. सहाशे यार्डांवर मारायचंय, असंही सांगितलं. त्याने माझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्याकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे केला. तुम्ही फरार आहात का, असं तो फॉर्म सरळ विचारतो. मी 'नाही'वर खूण केली आणि फार बरं वाटलं. मग आम्ही राहतो त्या कोलोरॅडोच्या कायद्याप्रमाणे तीन दिवस थांबायचं. २०२३ पासूनचा नियम आहे हा, डोक्यात राग घालून कुणी बंदूक नेऊ नये म्हणून. माझा राग शांत व्हायची वाट बघत मी तीन दिवस एक्सेलमध्ये पंधरावा रकाना भरत बसलो.

आता आजोबांच्या बंदुकीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घरातले सगळे या वळणावर उठून जातात, तुम्हीही चहा टाकून या.

कुडाळ तालुक्यात आमचं घर. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. भात पोटरीला आलं की रानडुकरं यायची आणि आजोबा माचावर जाऊन बसायचे. नळीत दारू ओतायची, वर काथ्या, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा ठासायचं, शेवटी घोड्याखाली केप. एवढं होईतो डुक्कर जेवून, हात धुऊन, घरी गेलेलं असायचं. नेम नावाचा प्रकारच नव्हता. नळी आभाळाकडे करून ते बार काढायचे आणि धुराचा ढग विरला की बिडी पेटवायचे.

"आजोबा, मारत का नाही?" मी मुंबईचा, सुट्टीला आलेला.

"डुकराक आवाज पुरे जाता. छर्रे कित्याक फुकट घालवचे?"

निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. डुकरांना मात्र आचारसंहिता लागू नव्हती. निकाल लागून बंदूक परत आली की आजोबा तिच्यावरची ठाण्याची चिठ्ठी सोडवायचे आणि ओटीवर बसून खोबरेल तेलाचा बोळा तासभर फिरवायचे. पोरगी सासरहून आल्यासारखा तो हात फिरायचा. तिकडे बंदुकीकडे नीट लक्ष देत नाहीत, अशी तक्रारही तशीच असायची. खोबरेल, जळकी दारू आणि बिडी असा एक वास होता. इथे गन क्लीनरच्या बाटल्यांवर नाना तऱ्हेचे सुगंध लिहिलेले असतात. तो कुणाकडे मिळाला नाही.

ते गेल्यावर परवाना नावावर करून घ्यायला कुणी हवं होतं. बाबा म्हणाले, कोण ओरोसच्या कचेरीत खेपा घालणार. मी तेव्हा व्हिसाच्या रांगेत होतो. बंदूक ठाण्यात जमा झाली, ती या वेळी निकाल लागल्यावरही परत आली नाही. मला कुणी विचारलं नाही याचा राग मला बरीच वर्षं येतो आहे. विचारलं असतं तर मीही नाहीच म्हणालो असतो, म्हणून तो कुणावर काढता येत नाही.

असो. रेंजवर माझ्या पहिल्या तीन गोळ्या शंभर यार्डांवर थालीपिठाएवढ्या घेरात गेल्या. मी बंदुकीला नावं ठेवली, काडतुसांना ठेवली, वाऱ्याला ठेवली. शेजारचे निवृत्त प्लंबर काका सोबत होते. ते न बोलता बसले आणि त्याच बंदुकीतून तीन गोळ्या पंचवीस सेंटांच्या नाण्याखाली झाकतील अशा टाकल्या. मग बंदूक परत माझ्या हातात दिली. आता तिला नावं ठेवायची सोयही उरली नाही.

परतताना गाडीत मी सहाशे यार्डांचा विषय काढला. गोळी किती खाली येते आणि दहा मैलांचा वारा तिला किती ढकलतो हे मला पाठ होतं. काका खिडकीबाहेर बघत होते. "गोळीला तिथे पोचायला पाऊण सेकंद लागतो," ते म्हणाले. "तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकतं." तरुणपणी त्यांनी असंच एका मादीला लांबून मारलं होतं. पोटात लागली. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे चालले, सकाळी पुन्हा गेले, सापडली नाही. चाळीस वर्षं झाली, पण कुठल्या ओढ्यापाशी माग हरवला ते त्यांनी मला हातानं आखून दाखवलं. पुढचे वीस मैल आम्ही बोललो नाही. घरी आल्यावर मी एक्सेलमधला 'कमाल टप्पा' हा रकाना उडवला.

ऑक्टोबर. वायोमिंगचं माळरान, झाड म्हणून नाही. प्राँगहॉर्नला सोयीसाठी हरीण म्हणायचं. प्रत्यक्षात आज जिवंत असलेला त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक जिराफ. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर पळतं आणि डोळे असे की आपण गाडीतून उतरताना कुठला पाय आधी टाकला तेही त्याला कळावं. सव्वाचारशे यार्डांवर एक नर उभा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि जमिनीकडे बोट केलं. सरपट.

पन्नाशीतला माणूस भडक नारिंगी जाकीट घालून पोटावर सरपटतो तेव्हा त्याला आपण वाघ वाटतो. वायोमिंगच्या माळावर बुटकं निवडुंग असतं. ते गवतात दिसत नाही, आधी लागतं. चाळीस मिनिटांत मी दीडशे यार्ड गेलो, कोपर, गुडघे आणि पोटावर मिळेल तेवढं निवडुंग गोळा करत. नर पळाला नाही. या जातीला भोचकपणा फार. हे नारिंगी काय सरपटतंय ते बघायला तो स्वतःच चार पावलं, मग दहा पावलं करत पुढे आला. जेमतेम साठ पावलांवर येऊन थांबला. आजोबांच्या बंदुकीच्या टप्प्यात.

मी दस्ता खांद्याला लावला आणि दुर्बिणीत पाहिलं. नुसते केस. पिंगट, राठ, एकेक सुटा दिसणारा केस. पुढचा भाग की मागचा, डावीकडे सरकू की उजवीकडे, काही कळेना. दुर्बीण मी सकाळीच पंचवीस पटांवर लावून ठेवली होती. ती पाचावर आणायला कडं फिरवलं, तेवढ्यात त्याचं बघून झालं.

मागून बराच वेळ कसलासा आवाज येत होता. काका हसत होते.

रात्री बायको चिमटा आणि बॅटरी घेऊन बसली. मी पलंगावर उताणा, शर्ट वर केलेला. सतरा काटे निघाले, अठराव्याला ती थांबली.

"किती लांबून हुकलं?"

"साठ पावलं."

तिने बॅटरी जरा जवळ धरली. "हलू नकोस," ती म्हणाली, "मला अजून एक दिसतोय."