सातवा दशांश आणि फोर्थ सीट

कट-ऑफ सांगता येणं ही एक विद्या आहे, आणि ती अवगत असल्याचा दावा करणाऱ्यांत मी स्वतःला बराच वरचा पर्सेंटाइल देतो. सीईटीचा निकाल लागला की खोपोलीपासून नेरळपर्यंत गल्लोगल्ली आमच्यासारखे पंडित तयार होतात. माटुंग्याच्या आयसीटीत केमिकल ‘होऊन जाईल’, पुण्याच्या सीओईपीत कॉम्प्युटर ‘जरा कठीण आहे’, लोणेऱ्याला ‘डोळे मिटून’. हे सांगताना आवाज थोडा खाली आणायचा आणि वाक्यात कुठेतरी ‘साधारण’ घालायचं. ‘साधारण’मुळे अंदाज चुकला तरी अब्रू शाबूत राहते. अलीकडे तर प्रश्न ऑनर्सपर्यंत पोचलेत. बी.टेक.ची ऑनर्स पदवी प्रवेशानंतर अठरा-वीस जादा क्रेडिट करून मिळते, आणि चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ज्या मुलाने अजून ऑप्शन फॉर्मही भरलेला नाही, त्याच्या सहाव्या सत्राचं भविष्य मी छातीठोकपणे सांगू शकतो. एवढं धाडस हवामान खातंसुद्धा करत नाही. तरीही माझं प्रामाणिक मत असं की मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघून यंदाची शक्यता सांगणं ही निव्वळ करमणूक आहे, आणि ती ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचीच जास्त होते.

पुरावा आकड्यांतच आहे. २०२४ मध्ये फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटातून सीईटी दिली सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी, २०२५ मध्ये सुमारे ४ लाख २२ हजारांनी. म्हणजे ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे आदल्या वर्षी पावणेपंधरा हजारांच्या आसपास मुलं होती, पुढच्या वर्षी एकवीस हजारांवर. पर्सेंटाइल तोच, पण पुढची रांग सहा हजारांनी लांबली. आमचा पंडितवर्ग मात्र ‘९५ ना? मग गेल्या वर्षीसारखंच’ म्हणून मोकळा. त्यात सीईटीचा पर्सेंटाइल दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत देतात. सातव्या घरातला एक म्हणजे, २०२४ च्या संख्येने, एका विद्यार्थ्याच्या तीन हजाराव्या भागाहूनही कमी. एवढ्या तुकड्यात मुलाचं नखसुद्धा मावणार नाही. पण तो आकडा तोंडपाठ म्हणून दाखवला की समोरचे पालक गप्प होतात आणि मला आर्यभटाच्या घराण्यातला असल्यासारखं वाटतं.

कट-ऑफची ती पीडीएफ एकदा नीट बघा. प्रत्येक शाखेखाली कोष्टक, डोक्यावर जीओपीईएनएच, एलओपीईएनएच असली अक्षरं, खाली मेरिट क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल. यातला शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आणि ती ठरते बारावी जिथून पास झालात त्यावरून. कर्जतचा मुलगा क्लाससाठी लातूरला राहून तिथूनच बारावी झाला, तर त्याचं घर दहिवलीला आणि होम नांदेडच्या विद्यापीठात. परत आला की घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या कॉलेजातही तो बाहेरचा. हे सगळं उलगडून सांगताना मला विलक्षण आनंद होतो. पण कंसातल्या त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वर्षी त्या रकान्यातून शेवटी आत शिरलेल्या एका मुलाचे गुण इतके होते. त्याच्या आधी किती जणांनी दुसरीकडे पाहिलं, म्हणून त्याचा नंबर लागला, ते त्या कोष्टकात नसतं.

आमच्याकडे हे लोकलच्या भाषेत चटकन कळतं. कर्जतहून सुटणाऱ्या गाडीत कर्जतकर ऐटीत बसतो. भिवपुरी, नेरळ, शेलू करत वांगणीला कुणीतरी शेवटचा टेकतो. त्या माणसाचं वांगणी स्टेशन म्हणजे त्या दिवशीचा कट-ऑफ. पण गाडी खोपोलीहून आलेली असेल तर लौजी, डोळवली, केळवली, पळसदरीच्या मंडळींनी खिडक्या आधीच धरलेल्या असतात. शिवाय बदलापूरचे काही धूर्त लोक जागेसाठी आधी उलटे कर्जतला येतात आणि तीच गाडी परतीला धरतात. मग येते फोर्थ सीट. तिघांच्या बाकावर चौथ्याने अर्धी मांडी टेकायची, एक पाय वाटेत, बॅग छातीशी, आणि प्रत्येक ब्रेकला घसरत बाकाच्या कडेला धरून राहायचं. तरी तो घरी फोनवर ‘बसायला मिळालं’ असंच सांगतो. मेलगाड्यांचं राज्य निराळं. बोरघाटाचा चढ सदतिसाला एक, म्हणून कर्जतला त्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, गाडी थांबते, आणि तेवढ्यात अख्खी गाडी वडापाव खाऊन घेते. या थांब्यावर मी आणखी बरंच लिहू शकतो. पण विषय प्रवेशाचा आहे, याची मला जाणीव आहे.

कुणी म्हणेल, मग काय डोळे मिटून फॉर्म भरायचा? नाही, आवडीच्या क्रमाने भरायचा. केंद्रीभूत प्रवेशात यंत्रणा मेरिटप्रमाणे एकेका मुलाची यादी वरून खाली वाचते आणि पहिली मिळणारी जागा देते. वर लिहिलेलं मिळालं नाही, म्हणून खालचं हातचं जात नाही. ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून आयसीटी खोडणाऱ्याने काहीही वाचवलेलं नसतं. दुसरा आक्षेप असा, की पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, मग जपून नको? जपून म्हणजे काय, पहिल्या क्रमांकावर खरोखर पहिलं हवं तेच लिहा, एवढंच. नको असलेलं कॉलेज ‘नक्की मिळेल’ म्हणून डोक्यावर ठेवणारा मात्र या नियमात पक्का अडकतो, आणि असं ठेवायचा सल्ला बहुधा आमच्यापैकीच कुणीतरी दिलेला असतो. राहता राहिला अनुभव. सीओईपीचं कॉम्प्युटर ९९ च्या वर बंद होतं हे सांगायला अनुभव लागत नाही. आणि जिथे लागतो, त्या मधल्या पट्ट्यात तोच जास्त फसवतो. अंदाजाचा उपयोग यादीच्या शेपटीला, खाली चार सुरक्षित नावं असावीत म्हणून. फॉर्ममध्ये ३०० पर्याय मावतात, काटकसर कशाला?

एका रकान्यापाशी आल्यावर मात्र मला विनोद सुचत नाही. अनुसूचित जमातीच्या रकान्यातला कट-ऑफ बघितला, तर कर्जत-खालापूरच्या एखाद्या ठाकर किंवा कातकरी वाडीतून बारावी सायन्स झालेल्या मुलीची शक्यता कागदावर जवळजवळ पक्की दिसते. पण तिला आधी जातपडताळणी पार करावी लागते, आणि कोकण विभागाची समिती बसते ठाण्याला. तिथे पुरावे लागतात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे. जे आजोबा कोळसा पाडायला आणि वीटभट्टीवर फिरत राहिले, शाळेची पायरी चढलेच नाहीत, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला ती कुठून आणणार? जागा आहे, गुण आहेत, कागद नाही. आणि आम्ही मात्र सातव्या दशांशावर तावातावाने बोलतो, कारण आमच्याकडे येणाऱ्यांची कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये आधीच लावलेली असतात. खोटी प्रमाणपत्रं रोखायला पडताळणी हवीच, हे मला मान्य आहे. पण खोटं पकडण्याच्या चाळणीत ज्यांच्याकडे मुळात कागदच नव्हते ते अडकतात, आणि त्याचा राग कुठल्याही कट-ऑफच्या कोष्टकात मांडता येत नाही.

पुढच्या जूनमध्येही तुम्ही मला कट-ऑफ विचाराल आणि मी सांगेनच, राहवणार नाही. पण तुमच्या ओळखीतलं, वाडीवरचं एखादं पोर यंदा अकरावी-बारावी सायन्सला असेल, तर त्याच्या पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत याच वर्षी टाकायला लावा, आणि जुने कागद शोधायला त्याच्याबरोबर एक दिवस तहसील कचेरीत जा.