ड्रॉवर ट्रकमध्येच आहे

केंट, सिॲटलजवळ
रविवार, कपडे मशीनमध्ये आहेत तोवर

ती. आई व अण्णांना सा. न.

काल फोन झाल्यापासून तुमचे चिरंजीव गाल फुगवून बसलेत, म्हणून उत्तर मी लिहितेय. यांना पोलिसांनी धरलेलं नाही. बबडीनं "पप्पांचा ड्रॉवर पळाला, आता पोलीस येणार" एवढं सांगून फोन ठेवला आणि अण्णांची झोप उडाली. ड्रॉवर पळायचा, पण ट्रकच्या हौद्यातल्या हौद्यातच.

पार्सल पोचलं. काळा मसाला सुखरूप, बिबड्यांचा चुरा. कांदा-दाणे घालून तोही संपवला. मोठ्या काकूंना सांगा, नव्या सुनेला भाकरी येत नाही म्हणून गावभर करू नका. मला तरी कुठे येत होती?

तर ड्रॉवर. तंबू, शेगडी, भांडी काढायला प्रत्येक वेळी हौद्यात रांगत जावं लागतं, म्हणून यांनी प्लायवूडचा सांगाडा आणि त्यात लांबलचक खण केला, खणाखाली चाकं लावली. चांगल्या प्लायचा एक ताव नव्वद डॉलरला! आई, रुपयांचा हिशेब मी मुद्दाम करत नाही, तुम्ही फोनवर केलात तेव्हा अण्णांचा चहा सांडला म्हणे. त्यात सुतार मिळत नाही, आणि मिळाला तर त्याचं तासाचं बोलणं ऐकून आपणच करवत उचलतो.

खण झाला झकास. पण चढावर गाडी जोरात काढली की मागच्या फाळक्यावर धाडकन, ब्रेक मारला की केबिनवर धाडकन. शिवाय सामान भरून पूर्ण बाहेर ओढला की केबिनकडची बाजू सांगाड्यासकट वर उचलली जायची. अण्णा, तुम्ही म्हणालात, "खाली भोकं पाड, नटबोल्ट आवळ." पण हौद्याखाली पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरी. ड्रिल कुठे निघेल नेम नाही.

आणि इथे सामान बांधणं हे फार मोठं प्रकरण आहे. 2004 साली याच भागात पुढच्या ट्रेलरवरून उडालेली फळी काच फोडून मागच्या गाडीत घुसली, चालवणाऱ्या मुलीची दृष्टी गेली. 2005 पासून कायदाच आहे: नीट न बांधलेलं सामान पडून कुणाला गंभीर इजा झाली तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड, शिवाय जवळपास वर्षभरापर्यंत तुरुंगही होऊ शकतो. कचरा टाकायला जाताना गवतसुद्धा झाकून, बांधून न्यायचं, नाहीतर डेपोवर जादा पैसे. हे ऐकून अण्णांनी विचारलं, "मग उमराण्याला कांदा नेतात कसा?" यांना उत्तर सुचलं नाही.

शेवटी भोकं न पाडता, पण अण्णांच्याच डोक्यानं काम झालं. हौद्याच्या चारही कोपऱ्यांत कंपनीच्या कड्या असतात. सांगाड्याला आयबोल्ट, तिथून कडीपर्यंत टर्नबकल, फिरवला की ताण बसतो. खाली रबरी मॅट, म्हणजे घसरत नाही. केबिनकडचे दोन जास्त आवळले, आता ती बाजू उठत नाही. खणाला स्टॉपर आणि जाड टॉवर बोल्ट. "लाकूड बसतं, आठवड्यानं पुन्हा आवळ," हेही ऐकलं. खरंच ढिले झाले होते. हे मी लिहिलंय म्हणून सांगू नका.

परवा रात्री गॅरेजमधून आवाज येत होता. बघते तर हे रिकामा खण मागे-पुढे, मागे-पुढे, मागातल्या धोट्यासारखा. म्हणाले, "ऐक, संगमेश्वरातलं घर." तिकडे लाइट गेली, गल्लीतले माग थांबले की त्या शांततेनं जाग यायची, आठवतं? इथे रोजच तशी शांतता. मी पण थोडा वेळ उभी राहिले. मग शेजारच्या आजोबांनी दिवा लावला आणि आम्ही खण बंद केला.

बाकी ठीक. नानांच्या प्लॉटच्या भांडणात अण्णांनी पडू नये, सही तर मुळीच करू नये. बंटीच्या लग्नाची तारीख लवकर कळवा, तिकिटं उशिरा काढली की मला माहेरच्या आहेरातून भरावी लागतील. आणि पौष पौर्णिमेला चंदनपुरीला खंडोबाच्या यात्रेला यंदा रिक्षानं जा. मागच्या वेळी अख्खी भावकी एका पिकअपमध्ये, आणि अण्णा फाळक्याला धरून उभे! फोटो आलाय माझ्याकडे. तिथे कायदा कुणी बघत नसेल, पण सून बघते.

मशीन थांबलं.

तुमची,
सूनबाई