हायरूलकरांच्या तीन चुली

“वहिनी, हातातलं ठेवा आणि जरा कुंपणापाशी या. हायरूलच्या घराण्याची भानगड कळली का?”

“कोण हायरूल? पोस्टाच्या गल्लीतले?”

“नाही हो, झेल्डाच्या खेळातलं राज्य! नातू स्विच इथेच ठेवून गेलाय, दुपारची मीच बसते. १९९८ साली ‘ऑकारिना ऑफ टाइम’ आला. त्याच्या शेवटी राजकन्या झेल्डा खेळाच्या नायकाला, लिंकला, सात वर्षं मागे, बालपणात धाडते. झालं! एका काळात तो मोठा होऊन लढला नि निघून गेला, दुसऱ्यात लहानपणीच परत आला.”

“म्हणजे दोन चुली.”

“दोन कुठल्या, तीन! २०११ साली ‘हायरूल हिस्टोरिया’ नावाचं जाडजूड पुस्तक निघालं. त्यात तिसरी वाट दाखवलीय: लिंक शेवटच्या लढाईत हरला तर काय झालं असतं. आणि गंमत म्हणजे १९८६चा पहिलावहिला खेळ त्याच वाटेवर बसवलाय.”

“तो हरल्याचं खेळात कुठे आहे?”

“गेम ओव्हरच्या पाटीखेरीज कुठेच नाही! आणि पुस्तकाचं तरी काय, ‘लिंक्स अवेकनिंग’ची जागा त्यांनी पुढे बदललीच.”

“ज्यानं रचलं त्याला तरी क्रम ठाऊक असेल ना?”

“मियामोतोंना? त्यांनी १९९८ साली क्रम सांगितला, त्यात ‘अ लिंक टू द पास्ट’ पहिल्या दोन खेळांच्या नंतर टाकला. खोक्यावर मात्र छापलेलं, ही पूर्वजांची गोष्ट. अहो, ही मंडळी आधी खेळ रचतात, नातीगोती मागाहून जुळवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वाईट वाटतं ते जुळवत बसणाऱ्यांचं.”

“कोण जुळवतं?”

“जगभरचे रिकामटेकडे, आमच्या नातवासकट. २०१७च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये खडे मीठ सापडतं. खाली वर्णन आहे, प्राचीन समुद्राचं मीठ. लगेच हे म्हणाले, बघा, ‘विंड वेकर’मध्ये राज्य पाण्याखाली गेलं होतं, तीच ही वाट!”

“पटतंय की.”

“कसलं पटतंय! ‘विंड वेकर’मध्ये झोरा या पाण्यातल्या जमातीच्या वंशजांना पंख फुटले, त्यांचे झाले रीतो. इथे झोरा खाली पाण्यात डुंबतायत आणि रीतो वर घिरट्या घालतायत. खापरपणजोबा आणि खापरपणतू एकाच आळीत!”

“अगं बाई!”

“पुढे ऐका. २०२३च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये हायरूलचा पहिला राजा निघाला राउरू. ‘ऑकारिना’तल्या म्हाताऱ्या ऋषीचं नावही राउरूच. नावं तरी दुसरी शोधायची! शेवटी २०२४ साली सिडनीच्या एका कार्यक्रमात खेळ काढणाऱ्या निन्टेंडोने काळाचा तक्ता लावला, त्यात हे दोन्ही नवे खेळ कुठल्याच वाटेला न जोडता बाजूला ठेवले.”

“वेगळे निघाले म्हणायचं. सुटला प्रश्न.”

“सुटला असता. पण ह्या दोघांचं एकमेकांशी तरी जुळावं ना? पहिल्या खेळात १२० देवळं होती, राज्याच्या चार टोकांना चार अवाढव्य दैवी यंत्रं होती. काही वर्षांतच सगळं गायब! बनवणाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, काम संपलं म्हणून नाहीसं झालं.”

“आमच्या नळाच्या पाण्यासारखं.”

“आणि घराचं तर विचारूच नका. हातेनो गावात बोल्सन नावाचा कंत्राटदार एक घर पाडायला निघाला होता. आधी ५०,००० म्हणाला, मग ३००० रुपी नि लाकडाच्या ३० मोळ्यांवर तुटलं. मी झाडं तोडतोडून मोळ्या भरल्या, वहिनी! पुढचा भाग लावला, तर अख्खं गाव म्हणतंय, ते झेल्डाचं घर.”

“सातबारा बघा आधी.”

“कुठला सातबारा! बोल्सन भेटला, तोही पहिल्यांदाच भेटल्यासारखा बोलतो. हजारो वर्षांचं नातं जुळलं नाही तर मी सोडून देईन. पण ज्याला रोख पैसे मोजले, त्याने ओळखच दाखवू नये, ही शुद्ध लबाडी आहे. कंत्राटदार इथून तिथून सारखेच.”