अरणगावचा अल्बम

आमच्या नगरात (सरकारदरबारी अहिल्यानगर) "सध्या कोणता अल्बम ऐकताय?" असं विचारणं धोक्याचं आहे. निम्मे लोक लग्नाचे फोटो दाखवायला बसतात. पोरं मोबाइल पुढे करतात, कारण यूट्यूबवर हळदीचं एक गाणं टाकलं तरी त्याला आपल्याकडे अल्बमच म्हणतात. उरले ते सावेडीच्या टपरीवरचे दर्दी. त्यातले एक काका परवा कटिंग फुंकत म्हणाले, "आम्ही सध्या फक्त कुमार गंधर्व." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रिंगटोनला नागीण निघाली.

खरं तर नगरकराला विचारायचंच कशाला? लग्नसराईत एक जण जे ऐकतो ते सगळी गल्ली ऐकते. नियमानं वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण मांडवात आकडे मोजतात ते आहेराचे. परवा तर माझ्या बीपीच्या गोळ्या डबीतल्या डबीत ठेका धरत होत्या.

आता गंमत ऐका. दौंड रस्त्याला लागलं की जवळच अरणगाव, तिथं मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी. या माणसानं 10 जुलै 1925 ला मौन धरलं, ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवायचे; 1954 मध्ये तीही टाकली, मग नुसत्या खुणा. आणि साता समुद्रापार गाणी निघाली ती यांच्या नावावर! लंडनच्या 'द हू' बँडचा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. 1971 च्या 'हूज नेक्स्ट' अल्बमचं पहिलंच गाणं 'बाबा ओ'रायली'. त्यातले बाबा आपले अरणगावचे, रायली म्हणजे टेरी रायली हा अमेरिकन संगीतकार. पुढे 1988 मध्ये बॉबी मॅकफेरिननं बाबांच्या शिकवणीतलं वाक्य उचलून 'डोन्ट वरी, बी हॅपी' केलं. वाद्य एकही नाही, सगळं तोंडानं. तरी अमेरिकेच्या यादीत ते पहिलं आलं. हे आमच्या डीजेवाल्याला सांगितलं तर तो काळजीत पडला, "मग बेस कुठून काढला असंल, काका?"

टपरीवरही सांगून पाहिलं. कुमारांचे भक्त म्हणाले, "इंग्रजी ना? आपल्याला नाही चालत." संध्याकाळी त्यांच्या स्टेटसला 'हूज नेक्स्ट'चं कव्हर, खाली लिहिलेलं : सध्या हेच. फोन करून विचारलं, कसा वाटला? पलीकडून ओरडले, "अहो, ऐकतोय कुठे! शेजारी हळद आहे!"

दर 10 जुलैला बाबांचे अनुयायी दिवसभर मौन पाळतात. नगरकरांनो, तुम्ही खुशाल बोला. त्या दिवशी कुठल्याही भाऊंचा वाढदिवस असला, तरी डीजेची पिन तेवढी काढून ठेवा.