विस्मरणशील पहारेकरी

दारावरचा कॅमेरा चोवीस तास डोळे उघडे ठेवतो, परंतु त्यातील मेमरी कार्ड, म्हणजे चित्रण साठवणारी नखाएवढी चिप, केव्हाच निकामी झाले आहे, हे बहुधा चोरीनंतरच उघडकीस येते. जागा भरताच सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहिण्याच्या अखंड क्रियेला ‘लूप रेकॉर्डिंग’ म्हणतात. कार्डातील स्मृतिपेशी मात्र मर्यादित वेळाच पुसता-लिहिता येत असल्याने, मोबाइलमधून काढलेले जुने कार्ड कॅमेऱ्यात घालणे म्हणजे पेन्शनराला कायमच्या रात्रपाळीवर नेमणे होय. सततच्या लेखनासाठी बनवलेले ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घेऊन ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणे, म्हणजे पुसून नव्याने मांडून घेणे, आणि अधूनमधून चित्रण तपासणे हे उपाय स्वस्तच आहेत. तथापि ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ ही पाटी त्याहून स्वस्त पडत असल्यामुळे गृहस्थांची श्रद्धा तिच्यावरच अधिक दृढ असते.