सांधा दिसता कामा नये

गावच्या घराला खोली काढणारे चाकरमानी दोन तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेचा माणूस जुन्या कौलारू घराला खेटून सरळ स्लॅबचा डबा उभा करतो, त्याला पोपटी रंग फासतो, वर काळी टाकी चढवतो आणि चतुर्थीला त्यात पंखा लावून घोरतो. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं, कारण तो सुखी असतो. आमचे अण्णा दुसऱ्या तऱ्हेचे.

अण्णा कुणाही एकाचं नाव समजू नका. सिंधुदुर्गात वाडीगणिक एक अण्णा निवृत्त होऊन आलेला असतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये यांनीच पीओपीचं छत आणि त्यात निळे दिवे हौसेनं करून घेतलेले असतात. पण गावच्या घराची पायरी चढली की यांना एकदम परंपरेचा उमाळा येतो. "खोली अशी झाली पाहिजे, की बघणाऱ्याला वाटावं, आजोबांनीच बांधली." आजोबांनी ती का बांधली नाही, हे विचारायचं नसतं. आजोबांकडे पैसे नव्हते.

मुळात खोलीचं कारण अगदी साधं होतं. अण्णांच्या आई ऐंशीच्या पुढे गेल्या. रात्री कंदील घेऊन खळ्याच्या पलीकडे संडासाला जाणं त्यांच्या गुडघ्यांना झेपेना. पडवीला लागून एक खोली आणि आत संडास-बाथरूम, एवढं झालं की भागत होतं. त्या एकदाच म्हणाल्या, "माका उजेड व्हयो. आनि पांढरी लादी घाल." अण्णांनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. पांढरी लादी मूळ ढाच्यात बसत नव्हती.

पहिलं संकट चिऱ्यांचं. जुन्या भिंतीचे चिरे हातानं तासलेले, अंगावर तिरक्या घावांच्या रेघा, वर पावसाळ्यांचं काळं-हिरवं पुट. खाणीवरून ट्रकनं आले ते यंत्रानं कापलेले, गुळगुळीत आणि लालभडक. अण्णांनी गवंड्याला प्रत्येक चिऱ्यावर घाव घालायला बसवलं. मग शेवाळ लवकर धरावं म्हणून भिंतीला ताक आणि शेणकाला फासला. शेवाळ धरलं नाही. वाडीतली कुत्री मात्र ताकाच्या वासानं येऊन भिंत गुडघ्याच्या उंचीपर्यंत लख्ख चाटून गेली.

त्यातून जुनी भिंत मध्यावर पोट काढून उभी. नवी तिच्या पुढे सरळ गेली तर सांधा दिसणार, म्हणून नवीनेही पोट काढावं असा हुकूम सुटला. गवंड्यानं ओळंबा खाली ठेवला. "अण्णानू, सरळ भित बांधूचे पैसे वेगळे, वाकडी बांधूचे वेगळे पडतले." अण्णांनी दिले.

कौलांचा प्रकार याहून वरचा. जुनं कौल उलटं केलं तर त्यावर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ साल. अण्णा हरखले. आपलं छप्पर सत्तावन्नच्या उठावानंतरचं पहिल्या दशकातलं, असं त्यांनी बाजारात चार जणांना सांगून टाकलं. शाळेतल्या मास्तरांनी जरा खाकरून सांगितलं, की ते साल मंगळूरचा कारखाना सुरू झाला त्याचं. कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं. अण्णांनी मास्तरांशी बोलणं सोडलं आणि तसल्याच छापाच्या कौलांच्या शोधाला लागले. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात घरं पडली, तिथले ढीग उपसले, कणकवलीपासून कुडाळपर्यंत फिरले. मिळाली ती निरनिराळ्या कारखान्यांची. मंगलोरी कौलाची गंमत अशी, की लांबून सगळी सारखी दिसतात, पण एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. केसभर फट राहते. आमच्याकडच्या पावसाला तेवढी पुरते.

पण अण्णांचं खरं कर्तृत्व पाहायचं तर छपराच्या उतारात. सुताराचं म्हणणं, नव्या खोलीला वेगळं पाखं काढू, मधे पन्हळ टाकू. म्हणजे सांधा दिसणार! नामंजूर. पडवीचं पाखं तसंच पुढे ओढायचं. आता उतरतं पाखं आठ फूट पुढे ओढलं की वळचण चार फूट खाली येते, हे सुताराच्या पोरालाही कळतं. छप्पर उचलायचं नाही म्हटल्यावर उरली जमीन. अण्णांनी जमीन खाली नेली. जोत्याची दोन फूट उंची खर्ची पडून नवी खोली अंगणाच्या पातळीला आली. म्हणजे ज्या गुडघ्यांसाठी हा सगळा खटाटोप, त्या गुडघ्यांना आता खोलीत जायला तीन पायऱ्या उतरायच्या आणि पलीकडच्या भिंतीशी गेल्यावर वाकायचं. जूनमध्ये अंगणातलं पाणी कसलाही आडपडदा न ठेवता आत आलं.

"काळोखच व्हयो होतो तर जुनी पडवी काय वायट होती?" आईंनी विचारलं. अण्णा म्हणाले, "तेच तर! फरकच कळत नाही ना?"

आधुनिक वस्तूंना लपवणं हा यांचा आवडता खेळ. वायफायचं यंत्र कोनाड्यात समईमागे. संडासाच्या दाराला फणसाच्या फळ्या आणि कडी-कोयंडा, त्यामुळे पाहुणा ते धान्याचं कोठार समजून पुढे जातो आणि पोट धरून परत येतो. एसीचं बाहेरचं धूड बांबूच्या कणगीत दडवलं होतं. त्याला वारा मिळेना, ते तापून दुपारी बंद पडायचं. आता ती कणगी रिकामी आहे आणि एसी माळ्यावर.

आता खरी गोम. खोली इतकी बेमालूम झाली की ती कुणाला दिसेना. चतुर्थीला पाहुणे आले, आरती झाली, उकडीचे मोदक संपले आणि मेव्हण्यानं विचारलं, "अण्णा, खोली काढणार होतात त्याचं काय झालं?" त्या क्षणी अण्णांचा चेहरा बघण्यासारखा होता. जिंकलेला माणूस इतका उदास मी पाहिला नाही. तेव्हापासून आल्यागेल्याला हाताला धरून ते भिंतीशी नेतात, विजेरी मारतात आणि न दिसणारा सांधा दाखवतात. लोक माना डोलावतात. काहींनी तर भलत्याच जागी बोट ठेवून वाहवा केलेली आहे.

मागच्या महिन्यात घरपट्टीच्या आकारणीसाठी ग्रामपंचायतीचा माणूस फीत घेऊन आला. घराला दोन फेऱ्या मारल्या. "नवीन बांधकाम खंय आसा? ह्यां सगळां जुन्यातलांच दिसता." जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, पट्टी कमी बसते. वहिनी दारामागून डोळ्यांनी खुणावत होत्या. चहा ठेवला गेला. अण्णांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि त्यांना राहवलं नाही.

"हे बघा," ते विजेरी घेऊन उठले, "इथून!" गडी विश्वास ठेवीना, तेव्हा चिऱ्यांची बिलं आणली, मोबाइलमधले फोटो दाखवले, घाव मोजायला लावले. वहिनी आत निघून गेल्या. माणसानं नमुना आठच्या वहीत नवीन बांधकाम म्हणून नोंद केली, क्षेत्रफळ लिहिलं, आकारणी वाढवली.

अण्णा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "शेऱ्याच्या रकान्यात 'हुबेहूब' असं लिहाल का?"

"शेऱ्यात फकत संडास आसा काय नाय, तां लिवतत," तो म्हणाला.