रेंडर होतंय!

प्रत्येक मोठ्या घरात एक माणूस असा असतो, की कुणाची साठी-पंच्याहत्तरी जवळ आली की सत्कारमूर्तीच्या आधी त्याची झोप उडते. हॉल, आचारी, गुरुजी हे बाकीचे बघतात. याच्याकडे एकच खातं : स्लाइड शो. आमच्याकडे ते धाकट्या काकांकडे आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेब आणि संशय हे दोन्ही गुण त्यांनी या कलेत आणले आहेत.

कार्याच्या दोन महिने आधी ते कापडी पिशवी घेऊन घरोघर हिंडतात आणि कपाटावरचे अल्बम उतरवतात. काळ्या पानांचे, त्रिकोणी कोपऱ्यांचे, मध्ये जाळीच्या नक्षीचा झुळझुळीत कागद असलेले जुने अल्बम त्यांना प्रिय. फोटो अलगद निघतो. त्यांचं खरं वैर नंतरच्या चिकट पानांच्या अल्बमांशी. तिथे ते चष्मा कपाळावर चढवतात, दात साफ करायचा दोरा फोटोखाली सरकवतात आणि श्वास रोखून करवतीसारखा पुढे-मागे ओढत नेतात. त्या वेळी खोलीत कुणी शिंकलेलं त्यांना खपत नाही. सुटलेला फोटो सहाशे डीपीआयला स्कॅन होतो. तीनशे म्हणालात तर ते तुमच्याकडे, तुम्ही सही न करता चेक दिल्यासारखं बघतात.

मग सुरू होतो तारखांचा घोळ. स्कॅन केलेल्या फोटोला कॉम्प्युटर स्कॅनची तारीख देतो, त्यामुळे आजोबांची मुंज, आत्यांची मंगळागौर आणि १९८३ ची काश्मीर ट्रिप एकाच मंगळवारी संध्याकाळी पार पडलेली असते. उलट भाच्याच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्याचं घड्याळ मूळपदावर जाई, म्हणून नातवाचं बारसं आईबापांच्या लग्नाआधी लागतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंना तर तारीखही उरत नाही आणि पडद्यावर लावले की चेहऱ्यांचे चौकोन दिसतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा!’ असं काका फॅमिली ग्रुपवर वर्षानुवर्षं ओरडताहेत. त्यावर लोक अंगठा दाखवतात आणि फोटो तसाच पाठवतात.

काकांची सगळी विद्या विंडोज एक्सपीबरोबर फुकट आलेल्या मूव्ही मेकरवर पोसलेली. खाली फिल्मची पट्टी, तीत फोटो ओढून सोडायचा, दोन फोटोंमधल्या चौकोनात ट्रान्झिशन टाकायचं. एकही चौकोन रिकामा ठेवणं काकांच्या स्वभावात नव्हतं. पान उलटे, चाक फिरे, काच फुटे. एकदा तर आजीच्या फोटोला बदामाच्या आकाराचं भोक पडून त्यातून गावचे तलाठी बाहेर आले. चेहरे ओळखायला पिकासा होतं. ते दोघी मावश्यांना एकच बाई समजे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बाईचं नाव मात्र पुन्हा पुन्हा विचारी. २०१६ मध्ये गूगलने पिकासा गुंडाळलं, २०१७ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर काढून घेतला आणि २०२० मध्ये प्रोशो हे स्लाइड शोचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच बंद पडली. चार वर्षांत तीन सुतकं! तेव्हापासून काकांचा एक जुना लॅपटॉप इंटरनेटपासून सोवळ्यात ठेवलेला आहे.

फोटो स्थिर ठेवून त्यावरून कॅमेरा हळूहळू सरकवायची जी युक्ती आहे, तिला अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांचं नाव चिकटलं. १९९० च्या त्यांच्या ‘द सिव्हिल वॉर’ मालिकेने ती लोकांच्या डोळ्यांत भरली, पुढे ॲपलने आयमूव्हीत तिची सोयच करून दिली. (कॅनडाच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या माहितीपटात ती १९५७ सालीच होती, हे काका पंगतीत शेजारी बसणाऱ्याला सांगतात.) बर्न्स माणसाच्या डोळ्यांकडे सरकतात. काकांचं सॉफ्टवेअर मनाला येईल तिकडे सरकतं. आजी-आजोबांच्या सत्यनारायणाच्या फोटोत ते दोघांनाही सोडून मागच्या स्टीलच्या पिंपाकडे गेलं आणि त्यावर कोरलेलं नाव वाचता येईपर्यंत थांबलं नाही. ते पिंप नंतर कुणी नेलं, ही चर्चा मग श्रीखंड वाढेपर्यंत चालली.

पण सॉफ्टवेअर हा काकांच्या कामाचा सोपा भाग. अवघड ते नात्यांचं. दोन भावांचं बोलणं बंद असेल तर त्यांचे फोटो लागोपाठ येता कामा नयेत. मोडलेल्या लग्नातली सून क्रॉप करावी लागते. ती गेली, पण दिरांच्या खांद्यावरचा तिचा हात राहिला, बांगड्यांसकट. हॉलमध्ये एका लहान मुलीने ‘हा हात कुणाचा?’ असं खणखणीत विचारलं, तेव्हा काकांनी शेजारच्या टेबलवरचा माइक उगाचच तपासायला घेतला. तसंच सेपियाचं. जुना जमाना दाखवावा म्हणून त्यांनी मोठ्या मामांना तपकिरी केलं, वर मंद बासरी लावली आणि शेवटी फोटो अंधारात विरघळवला. दोन-तीन जणांनी हात जोडले. पहिल्या रांगेतून मामा म्हणाले, ‘अरे, मी आहे अजून!’

आदल्या रात्री फोटोंचा व्हिडिओ तयार होऊ लागला की घरात एकच घोषणा : ‘रेंडर होतंय!’ मिक्सर लावायचा नाही, इस्त्री नाही, माऊसकडे बघायचंही नाही. हिरवी पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन बसते आणि काका तिच्यासमोर. पहाटे पेनड्राइव्ह खिशात. एका साठीला त्यांनी घाईत व्हिडिओऐवजी नुसती प्रोजेक्ट फाइल नेली. त्या फाइलीत फोटो नसतात, ते घरच्या कॉम्प्युटरवर कुठे ठेवलेत याचे पत्ते असतात. पडद्यावर ओळीने लाल फुल्या उमटल्या. काकांनी मात्र हार मानली नाही. एकेका फुलीसमोर उभं राहून ‘इथे वैनी गजरा माळताहेत’ असं सांगत त्यांनी शो पूर्ण केला. तो त्यांचा सर्वांत गाजलेला शो, हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एरवी शो लागतो तेव्हा निम्मे लोक हात धुवायला गेलेले असतात, ट्यूबलाइट कुणी मालवत नाही, आणि चार मिनिटांचं गाणं तिसऱ्यांदा सुरू झालं की आचाऱ्याचा माणूस पानं वाढल्याचं सांगतो. तरी प्रत्येकाने आपापले फोटो मात्र मोजलेले असतात. परवा थोरल्या आत्यांनी काकांना ताक घेता घेता गाठलं.

‘वैनीचे अकरा, माझे नऊ. का रे?’

काकांनी खिशातून डायरी काढली. ‘दहा आहेत ताई. दोन ग्रुप फोटोंत तुझा अर्धा-अर्धा चेहरा आलाय, त्यांचा मिळून एक धरलाय.’

‘आणि बारशातली ती मी पाठमोरी?’

‘पाठमोरी धरत नाही.’